आषाढातली फांदी, आश्विनातला पिठ्या: रोपांच्या देवाणघेवाणीचं एक प्रकरण

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीतलं आहे. इमारती सहा, बिऱ्हाडं दोनशेच्या आसपास. नावं, घर नंबर आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्या आजींचा उल्लेख यात सारखा येतो, त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे. देवाणघेवाण भरवणाऱ्या तिघांपैकी मी एक होते, त्यामुळे यातले काही निर्णय माझे आहेत आणि चुकाही.

पार्श्वभूमी

पावसाळा लागला की बाल्कनीत बाग करणाऱ्या प्रत्येकाची एकच अडचण होते. गवती चहाचा ठोंब इतका फुगतो की कुंडी तडकते. कढीपत्त्याच्या मुळांवरून पिल्लं वर येतात, कोरफडीभोवती तिचीच लेकुरवाळी गर्दी होते, सोनटक्क्याचे कंद कुंडीच्या काठावर चढतात, पानफुटी तर पडलेल्या पानालाही फुटते. हे उपटून टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. शेजारच्या इमारतीत मात्र कुणीतरी नेमका तोच कढीपत्ता नर्सरीतून विकत आणत असतं.

म्हणून जुलैच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, देवाणघेवाण भरवायची असं ठरलं. वेळ विचार करून निवडली होती. पुण्यात जूनअखेरपर्यंत पाऊस स्थिरावतो, हवा दमट आणि आभाळ भरलेलं असतं, फांदीतलं पाणी पानांवाटे फारसं उडून जात नाही. त्यामुळे छाटकलमं या दिवसांत जितकी लागतात तितकी एरवी लागत नाहीत.

पद्धत साधी होती. एक रोप, कलम किंवा कंद आणला की एक चिठ्ठी, एका चिठ्ठीवर एक रोप घ्यायचं. ज्यांच्याकडे द्यायला काही नाही त्यांनी बियाणं, रिकाम्या कुंड्या किंवा घरचं कंपोस्ट आणायचं. मी ब्रह्मकमळाचं पान दिलं आणि मला मनीप्लांट का, अशी कुरकुर एकदोघांनी केली, पण ती तिथेच मिटली. चाळीसेक घरं आली. दुपारी बारापर्यंत टेबलं रिकामी झाली आणि लोक भिजत, हातात पिशव्या धरून, एकमेकांना पाणी किती घालायचं ते सांगत उभे होते. तो दिवस खरोखर छान गेला, आणि पुढचं सगळं वाचताना तेही लक्षात असावं.

सगळ्यात जास्त मागणी होती ती गावठी लाल जास्वंदीला, एकेरी पाकळीच्या, गणपतीला वाहायच्या. नर्सरीत मिळते ती बहुतेक संकरित, फूल मोठं पण झाड नाजूक. आमच्याकडे तळमजल्यावरच्या एका आजींच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात लावलेली जास्वंद होती. मामांच्या कोकणातल्या घरून त्यांनी काडी आणली त्याला पंधरा वर्षांवर झाली. भाद्रपदात रोज वीसपंचवीस फुलं निघायची आणि आजी ती कुणाकुणाच्या दाराच्या कडीला लावून यायच्या. आजींनी देवाणघेवाणीसाठी 31 फांद्या काढल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, खालची पानं खुडून, डोळ्याखाली तिरका काप देऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळून. एकही चिठ्ठी घेतली नाही.

फांद्या त्यांनी शनिवारी संध्याकाळीच आणून दिल्या. त्या रात्रभर टवटवीत राहाव्यात म्हणून मी क्लबरूममध्ये दोन टब पाण्याने भरले आणि फांद्या त्यांत उभ्या केल्या: एक टब पहिल्या तीन इमारतींसाठी, एक उरलेल्यांसाठी. इतर लोकांनी आदल्या दिवशी आणलेल्या कुंड्याही तिथेच भिंतीकडेला मांडल्या. जागा लहान होती, पानांना पानं टेकत होती.

अडचण

जुलै ते सप्टेंबर काहीच कळलं नाही. बहुतेक फांद्या लागल्या, पालवी आली, लोकांनी फोटो पाठवले. गणपती झाले. पाऊस मागे सरला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि नवरात्रात पहिला फोटो आला. जास्वंदीच्या शेंड्याची पानं आकसून मुठीसारखी गोळा झालेली, पेरं आखूड, आणि त्या मुठीत कापूस भरल्यासारखं पांढरं काहीतरी. दोन दिवसांत असेच आणखी पाच फोटो. दिवाळीपर्यंत 14 घरं.

माहेरी नाशिककडे द्राक्षबाग असलेल्या एका वहिनींनी लगेच ओळखलं. त्यांनी माझ्यासमोर टूथपिकने तो कापूस बाजूला केला. आत तांदळाच्या कणीएवढे मऊ किडे होते, अंगावर पीठ शिंपडल्यासारखे. एक दाबला तर काडीला गुलाबीसर ओल लागली. "हा गुलाबी पिठ्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे घडात शिरला की तो घड गेला."

मिलीबग किंवा पिठ्या ढेकूण या नावाने आपण जे ओळखतो त्याच्या अनेक जाती आहेत. हा गुलाबी पिठ्या जास्वंदीवर विशेष जडतो, द्राक्षाचाही मोठा शत्रू आहे. रस शोषताना त्याची लाळ झाडात जाते, तिच्यामुळे शेंडा आखडतो आणि पानं वळतात. मादीला पंख नसतात. ती कापसासारखी पिशवी विणून तिच्यात शेकड्यांनी अंडी घालते, आणि पिशवी मेणकट असल्यामुळे फवारलेलं औषध आत सहज पोचत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात, पण चालतात. पानावरून पानावर, वाऱ्याबरोबर, कपड्याला चिकटून, मुंग्यांच्या मदतीने. किडा जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्यांना हवा असतो. त्या किड्यांना इकडून तिकडे नेतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावतात. त्याच चिकट्यावर नंतर काळी बुरशी चढते.

पावसात तो का दिसला नाही, याचंही उत्तर यातच आहे. जोराच्या सरी किडे धुऊन काढतात, संख्या खाली राहते. पण पानाच्या बगलेत, डोळ्याच्या खपल्याखाली, कधी खोडाच्या मातीलगतच्या भागात थोडे टिकून राहतात. कोरडं ऊन पडलं की त्यांचे दिवस येतात. आम्ही आषाढात जे वाटलं ते आश्विनात उघडं पडलं.

झाडांच्या या अडचणीत दुसरी अडचण एका रात्रीत उभी राहिली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं: "ज्यांनी जास्वंद वाटली त्यांनी आधी स्वतःचं झाड तपासायला हवं होतं." नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती, जास्वंद कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं. त्याखाली चारपाच जणांनी अंगठे दिले. मी तो मेसेज रात्री साडेदहाला पाहिला आणि उद्या नीट विचार करून लिहू म्हणून झोपले.

सकाळी आठला खाली गेले तेव्हा माळीकाका फांद्या ओढून नेत होते. आजींनी झाड गुडघ्याएवढं ठेवून सगळं छाटायला लावलं होतं. त्या स्वतः दारात उभ्या होत्या. "लोकांच्या घरात कीड गेली माझ्यामुळे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

शोध

छाटलेल्या फांद्यांचा ढीग फाटकाजवळ, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत पडला होता. माझ्या मनात तेव्हा संशय घेणं वगैरे काही नव्हतं. झाड किती किडलं होतं ते बघावं म्हणून संध्याकाळी भिंग घेऊन ढिगापाशी बसले. एक फांदी उलटी केली, दुसरी केली. पानाच्या बगला, शेंडे, कळ्यांचे देठ, सालीच्या भेगा. अर्ध्या तासात साठसत्तर फांद्या झाल्या. कापसाचा एक ठिपका नाही. चिकटा नाही, काळी बुरशी नाही, मुंग्यांची रांग नाही. पंधरा वर्षांचं निरोगी झाड होतं ते.

मग मात्र आम्ही तिघांनी वही काढली. कोणी कोणत्या टबातून फांदी नेली याची यादी नव्हती, पण टब इमारतींप्रमाणे होते म्हणून हिशेब लागला. पहिल्या टबात 18 फांद्या होत्या, दुसऱ्यात 13. कीड लागलेल्या 14 घरांपैकी 12 पहिल्या टबातली. उरलेल्या दोघांच्या बाल्कन्या लागण झालेल्या बाल्कन्यांना लागून. आणि सगळ्यात महत्त्वाचं: देवाणघेवाणीच्या आठवडाभर आधी आजींनी दोन घरांना थेट अंगणातून फांद्या दिल्या होत्या. ती दोन्ही झाडं स्वच्छ.

पहिल्या टबाशेजारी काय होतं? शनिवारी संध्याकाळी आठवण म्हणून मी क्लबरूमचा फोटो काढला होता. तो मोठा करून पाहिला. टबाला टेकून संकरित जास्वंदीच्या तीन कुंड्या होत्या. बदली होऊन दुसऱ्या शहरात निघालेल्या एका कुटुंबाने जायच्या आधी दिलेल्या. त्यांतल्या एका कुंडीत, दोन पानांच्या बगलेत, पांढरे दोन ठिपके दिसतात. ती कुंडी ज्यांच्याकडे गेली तिथे ऑक्टोबरमध्ये झाड मुळापाशीसुद्धा पांढरं झालं होतं.

याला पक्का पुरावा म्हणता येणार नाही. फोटोतले ठिपके पाण्याचे थेंबही असू शकतात. पण सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या तर हेच संभवतं: कीड आजींच्या झाडावरून आली नाही. निरोगी फांद्या किडलेल्या कुंडीला टेकून रात्रभर उभ्या राहिल्या, आणि त्या तशा ठेवल्या मी.

त्या कुटुंबाला कळवायचं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली. कळवलं, पण खाजगीत, आणि फक्त एवढ्याचसाठी की त्यांनी बरोबर नेलेल्या कुंड्या तपासाव्यात. त्यांच्याकडेही पिठ्या निघाला.

निर्णयाची पहिली जागा: कुणाला, कसं सांगायचं

इथे तीन मतं होती. एक म्हणणं, आता दोष कुणाचा ते उकरू नये, फक्त उपाय सांगावेत. दुसरं, सगळी हकिकत फोटोसकट ग्रुपवर टाकावी. तिसरं, आधी आजींकडे जावं.

मी पहिल्या मताची होते, कारण वाद वाढेल अशी भीती वाटत होती. वहिनींनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "झाड त्यांनी तोडलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आपण गप्प बसलो तर तेच खरं ठरेल." ते पटलं. आम्ही आधी आजींकडे गेलो, वही दाखवली, ढिगातली एक फांदी मी पाण्यात ठेवली होती ती दाखवली. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांच्या संमतीने त्या रात्री ग्रुपवर लिहिलं: आजींची जास्वंद निर्दोष आहे, ती कशावरून, आणि रात्रभर सगळं एकत्र ठेवण्याचा निर्णय माझा होता. कुंड्या कुणी दिल्या ते लिहिलं नाही. आधीचा मेसेज लिहिणारे दुसऱ्या दिवशी आजींना भेटून आले, असं नंतर कळलं.

निर्णयाची दुसरी जागा: झाडांचं काय करायचं

चार मार्ग समोर होते. सगळ्या जास्वंदी उपटून टाकायच्या: सोपं, पण कीड तोवर काही घरांत भेंडीवर आणि क्रोटनवरही गेली होती, म्हणजे जास्वंद काढून प्रश्न सुटला नसता. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडून सरसकट कीटकनाशक मारून घ्यायचं: कमिटीतल्या काहींना हेच हवं होतं. आम्ही ठाम विरोध केला. त्याच बाल्कन्यांत तुळस, पुदिना, कढीपत्ता होता, जो रोज पोटात जातो, आणि झाडाच्या रसात भिनणारी औषधं फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही बाधतात. ज्याने त्याने आपापलं बघायचं: मग एकजण फवारणार, शेजारचा नाही, आणि कीड कठड्यावरून परत येणार. चौथा मार्ग, सगळ्यांनी ठरलेल्या दिवशी एकदम साधे उपाय करायचे. कष्टाचा होता, पण तोच घेतला.

परभक्षी, म्हणजे कीड खाणारे, कीटक सोडण्याचाही विचार झाला. क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियन ढालकिडा (लेडीबर्ड) पिठ्या खाऊनच जगतो. तो भारतात 1898 मध्येच आणला गेला आहे आणि द्राक्षबागांमध्ये सोडतात. असे उपाय किती प्रभावी ठरू शकतात याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण पपईचं आहे. पपईवरचा पिठ्या, मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, भारतात 2008 मध्ये कोइम्बतूरला प्रथम आढळला आणि दक्षिणेत व महाराष्ट्रात बागाच्या बागा झोपवल्या. 2010 मध्ये पोर्टो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, तेव्हा तो आटोक्यात आला. पण सहाव्या मजल्यावरच्या चार कुंड्यांत सोडलेले भुंगे तिथेच राहतील याची खात्री नव्हती, म्हणून तो विचार तेव्हा बाजूला ठेवला.

केलेली कामं

दिवाळीनंतरच्या सलग चार रविवारी, सकाळपासून, 14 घरांत आणि त्यांना लागून असलेल्या बाल्कन्यांत एकाच वेळी काम केलं. क्रम असा होता.

आधी आखडलेले शेंडे वीतभर खालून कापायचे. कापताना झटकायचे नाहीत. झाडाखाली पिशवी धरून त्यातच पाडायचे, तोंड बांधायचं आणि पिशवी दोन दिवस कडक उन्हात ठेवायची. हे शेंडे कंपोस्टमध्ये अजिबात टाकायचे नाहीत. मग पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा. त्यानंतर उन्हं कलल्यावर कडुनिंबाच्या तेलाची फवारणी: एक लिटर पाण्याला 5 मिली तेल, पण तेल आधी थोड्या द्रव साबणात घोटून, नाहीतर ते पाण्यावर तरंगत राहतं आणि फवाऱ्यातून नुसतं पाणी निघतं. बरेच जण "कडुनिंबाने काही होत नाही" म्हणतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचं इथेच चुकत असावं असं मला वाटतं.

फवारणी दर सात दिवसांनी का, हे प्रत्येक घरी समजावून सांगावं लागलं. पिशवीतली अंडी पहिल्या फवाऱ्यातून वाचतात आणि आठवडाभरात फुटतात. ती पिल्लं अजून उघडी, पिठाविना असताना गाठायची असतात. पहिल्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसलं म्हणून दोन घरांनी थांबवलं. तीच दोन घरं डिसेंबरात पुन्हा पांढरी झाली.

मुंग्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवा, असं सगळीकडे सांगतात. पण साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे तो उपाय आम्ही केला नाही. स्टँडच्या पायांना आणि खोडाला गुंडाळलेल्या कागदी पट्टीला व्हॅसलीनचा जाड थर दिला. मुंग्या थांबल्या तसा पिठ्याही ओसरायला लागला.

एक गोष्ट हातची गेली. जानेवारीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला: "पिठ्या परत आला, आणि यावेळी मोठाले आहेत. मी वीसेक चिरडले." जाऊन पाहिलं तर उरलेल्या दोनतीन अळ्या भराभर चालत होत्या. अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे, आणि तोंडात पिठ्या. ढालकिड्याच्या अळ्या होत्या त्या, आपणहून आलेल्या. पिठ्या खाणाऱ्या ढालकिड्याची अळी पिठ्यासारखीच दिसते, पण पिठ्या सुस्त असतो, जागचा हलत नाही, आणि ही अळी धावते. हे आम्ही आधीच सगळ्यांना फोटोसकट सांगायला हवं होतं. काकूंना फार वाईट वाटलं, मलाही. त्या दिवसापासून ज्या झाडावर अळ्या दिसल्या त्यावर फवारणी बंद केली.

निर्णयाची तिसरी जागा: संक्रांतीचं वाण

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोपं वाण म्हणून द्यायची पद्धत दोनतीन वर्षांपासून पडली आहे. तुळस, पुदिना, एखादं फुलझाड. यंदा काय करायचं? कीड आटोक्यात येत होती, गेली नव्हती. आनंदावर विरजण नको असं काहींचं म्हणणं. काहींना आता कुठल्याच रोपाला हात लावायचा नव्हता.

शेवटी बियाणं द्यायचं ठरलं. सुकं, स्वच्छ बी कागदी पुडीत दिलं तर पिठ्या, माती, गोगलगायीची अंडी यांतलं काही सोबत जात नाही. बियांतून जाणारे रोगही असतात, पण धोका पुष्कळ कमी. गोकर्ण, झेंडू, वाल, गावठी भेंडी, मायाळू अशा पुड्या केल्या. सोबत अट घातली: हंगाम संपल्यावर दुप्पट बी परत आणायचं. ही कल्पना आमची नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांच्या बियाणे बँकेची हीच रीत आहे: नेलंत त्याच्या दुप्पट आणून द्या. दहाबारा घरांनी दुप्पट आणलं. काहींनी वालाचं बी डब्यात भरून, वर कसं साठवायचं ते लिहून आणलं.

निकाल

31 फांद्यांतली लागण झालेली 14 झाडं. नऊ वाचली, पाच काढून टाकावी लागली. त्यांतल्या तीन कुंड्यांत मुळांवरही कीड होती. एका घरी भेंडीचं पूर्ण पीक गेलं. फेब्रुवारीनंतर नवीन लागण कुठे दिसली नाही, पण उन्हाळाभर आम्ही दर पंधरा दिवसांनी शेंडे तपासत होतो.

आजींच्या खोडाला होळीच्या सुमारास डोळे फुटले. जास्वंद खालून छाटली तरी फुटते, हे त्यांना माहीत होतं. पण तेवढ्या दिवसांत त्यांनी पिंपाकडे पाहिलंही नाही, पाणी सूनबाई घालत होत्या.

एक घर अजून देवाणघेवाणीत नाही म्हणतं. त्यांचं म्हणणं बरोबर आहे की नाही हा प्रश्न मला पडत नाही. त्यांची क्रोटनची वीस झाडं गेली.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, रात्रभराचा साठा. फांद्या देणाऱ्याकडून थेट घेणाऱ्याच्या हातात गेल्या असत्या तर हे प्रकरण बहुधा एकदोन घरांत संपलं असतं. आता कलमं त्याच दिवशी सकाळी येतात आणि कुंड्यांचं टेबल वेगळं, दहा पावलांवर असतं.

दुसरी, तपासणी. आम्हाला वाटायचं की भेट म्हणून आणलेल्या रोपाकडे भिंग लावून बघणं अपमानाचं दिसेल. आता प्रवेशाशीच टेबलावर दोघं बसतात, आणि माझं रोपही तपासलं जातं, सगळ्यांचं तपासलं जातं. चार जागा बघायच्या: शेंडा, पानाची बगल, पानाची खालची बाजू, मातीलगतचं खोड. मुंग्या चढत असतील तर कारण सापडेपर्यंत रोप बाजूला. कढीपत्ता असेल तर कोवळ्या पानांवर जास्त लक्ष. त्यावर येणारी सिट्रस सिला ही कीड लिंबावर जाते आणि लिंबाला झाड संपवणारा रोग देते. ज्यांच्याकडे लिंबू आहे त्यांना हे आधी सांगतो.

तिसरी, नवीन रोप घरी नेल्यावर तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवायचं. पिठ्याची एक पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते, म्हणून तीनाऐवजी चार आठवडे ठेवले तर जास्त बरं. पण छोट्या बाल्कनीत लोक एवढं पाळत नाहीत हेही दिसलं. जे पाळलं जाईल तेच सांगावं, असं आम्ही ठरवलं.

चौथी, माती. शक्य तिथे रोप मुळं धुऊन, ओल्या कागदात गुंडाळून द्यायचं. कुंडीतल्या मातीतून सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक जंत, जातात, मूळपिठ्या जातो, आफ्रिकन गोगलगायीची साबुदाण्यासारखी अंडीही जातात. यावर आमचं अजून एकमत नाही. काही रोपं मुळं धुतली तर दगावतात, त्यांचं काय करायचं ते ठरायचं आहे.

आणि त्या रात्रीचा मेसेज. साडेदहाला वाचल्यावर मी तेव्हाच आजींना फोन करू शकले असते. फांद्या सकाळी सातला तुटल्या. मधे साडेआठ तास होते.

पुढच्या जुलैत आजी आल्या. नव्या फुटव्यांतून सहाच फांद्या निघाल्या होत्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यांच्या तिरप्या अक्षरात: तारीख, झाडाचं वय, "शेंडा पाहिला, मुंग्या नाहीत." तपासणीच्या टेबलावर त्यांनी स्वतःहून भिंग मागून घेतलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचा पुदिना उलटा करून पाहायला लागल्या.